एअर पिस्तुलाची माशी घरी बदलावी का?

इंदिरानगरचा पालक

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे आणि गेली दीड वर्षे १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारात नियमित सराव करते आहे. मागच्या दिवाळीत आम्ही तिच्यासाठी एक वापरलेले मॅच (स्पर्धेचे) पिस्तूल घेतले. आधीचे मालक सहा फूट उंचीचे गृहस्थ होते, त्यामुळे मूठ तिच्या हाताच्या मापाची करून घेणे हे पहिले काम होते आणि ते झाले. आता प्रश्न साइटचा आहे, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर पुढे असलेली उभी पट्टी (माशी) आणि मागची खाच यांचा. तिचे म्हणणे असे की नेम धरल्यावर पुढची माशी मागच्या खाचेत "पोहते", म्हणजे दोन्ही बाजूंना इतका उजेड दिसतो की माशी नेमकी मध्ये आहे की थोडी सरकली आहे हे तिला कळतच नाही. तिचे छर्रे उभ्या दिशेने बऱ्यापैकी एकत्र पडतात, आडव्या दिशेने मात्र पसरतात. प्रशिक्षकांनी पुढची माशी ४ मिमीऐवजी ४.५ मिमी रुंदीची बसवून पाहण्यास सांगितले आहे.

पिस्तुलांचे काम जाणणारा कारागीर गाठायचा तर आम्हाला नाशिकहून पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि एका स्क्रूच्या कामासाठी दोन दिवस सराव बुडवणे जिवावर येते. माशीची पट्टी मी मागवली आहे. हे काम मी घरी केले तर चालेल का, आणि केल्यास कोणत्या क्रमाने करावे? मी पेशाने बँकेत आहे, त्यामुळे हत्यारांशी माझा संबंध पंख्याचा रेग्युलेटर बदलण्याइतकाच आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

शंकासुर

माझे मत स्पष्ट आहे: करू नये. शस्त्र ते शस्त्र, मग ते हवेवर चालणारे का असेना. सोसायटीतील फ्लॅट, घरात शाळकरी मूल, संध्याकाळी शेजारच्यांची ये-जा, आणि त्यात आपण डायनिंग टेबलावर पिस्तूल उघडून बसणार, हे चित्रच मला पटत नाही. दोन दिवस गेले तर जाऊ द्यावेत.

वकिली चष्मा

शंकासुर यांची काळजी रास्त आहे, परंतु कायद्याच्या दृष्टीने येथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होऊ नये. ४.५ मिमी बोअरची (नळीच्या आतील व्यासाची) आणि २० ज्यूलच्या मर्यादेतील एअर पिस्तुले शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्यातून वगळलेली आहेत. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने निघतो असे धरले तर त्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे मॅच पिस्तूल या मर्यादेच्या बरेच खाली असते. त्याची माशी बदलणे हे सायकलची सीट बदलण्यापेक्षा कायद्याला जास्त खटकणारे काम नाही.

बारुदावर चालणाऱ्या पिस्तुलाची किंवा रिव्हॉल्व्हरची गोष्ट मात्र पूर्ण निराळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्राची निर्मिती आणि विक्री यांच्याच पंक्तीत रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी हे शब्द बसवलेले आहेत, आणि या प्रत्येकासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे ते दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनाला किमान सात वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे परवान्याचे .३२ बोअरचे हत्यार आहे त्यांनी हा धागा वाचून पेचकस हातात घेऊ नये. त्यांनी परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडेच जावे, आणि काही शंका असेल तर नाशिक शहरातील रहिवाशांनी पोलीस आयुक्तालयाच्या, तर ग्रामीण भागातील रहिवाशांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारावे.

जुना नेमबाज

मी तीस वर्षे हा खेळ खेळलो, त्यांतील बरीच वर्षे स्वतःच्या पिस्तुलांची किरकोळ कामे स्वतःच केली, आणि काही वेळा स्वतःच बिघडवूनही ठेवली. माझे उत्तर असे आहे की माशी घरी बदलता येते, पण सर्वांत मोठे काम माशी बदलण्याचे नसून त्याआधी पिस्तूल निर्धोक करण्याचे आहे. ते पंधरा मिनिटांचे आहे आणि माशीचे काम पाच मिनिटांचे.

छर्ऱ्यांचा डबा प्रथम दुसऱ्या खोलीत ठेवून यावे. पिस्तुलाचे तोंड अशा भिंतीकडे असावे की जिच्या पलीकडे कोणी नाही, आणि काम संपेपर्यंत ती दिशा बदलू नये. लोडिंगचा दांडा उघडून नळीच्या मुखाशी छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर दाबाखालच्या हवेचा सिलिंडर फिरवून काढावा. आता जी गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही ती सांगतो: सिलिंडर काढला म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो, तो कमी करून पुढे सोडणाऱ्या रेग्युलेटरच्या कप्प्यात थोडी हवा तशीच अडकून राहते आणि ती एखादा छर्रा सहज बाहेर फेकू शकते. म्हणून सिलिंडर काढल्यावर, छर्रा नाही याची पुन्हा खात्री करून, त्याच भिंतीकडे तोंड ठेवून दांडा ओढावा आणि चाप दाबावा, आणि फुस्स असा आवाज पूर्ण बंद होईपर्यंत हे करत राहावे. चाप इलेक्ट्रॉनिक असेल तर सगळे झाल्यावर तो बंद करावा. शेवटी नळीत सुरक्षेची नारिंगी दोरी घालावी. स्पर्धेत ही दोरी नळीच्या पूर्ण लांबीची असावी लागते आणि ती बाहेर दिसावी लागते, कारण तिच्यामुळे नळीत छर्रा नाही हे लांब उभ्या असलेल्या माणसालाही कळते. घरी हा नियम कोणी तपासत नाही, म्हणून तो घरीही पाळावा.

हे सर्व झाल्यावर तुमच्या हातात जी वस्तू उरते ती टेबलावरच्या लोखंडी खेळण्यासारखी असते. शंकासुर यांना अपेक्षित असलेली काळजी इथेच पूर्ण होते असे मला वाटते.

शंकासुर

रेग्युलेटरमध्ये हवा उरते ही गोष्ट मला खरोखरच माहीत नव्हती. माझा विरोध यामुळे कमी होण्याऐवजी वाढला, हे नम्रपणे नमूद करतो. जे काम करणाऱ्यालाही ठाऊक नसते ते बँकेतल्या माणसाने करावे का?

जुना नेमबाज

त्या मुलीचे पिस्तूल रोज कपाटात जाते आणि रोज बाहेर निघते. सिलिंडर काढणे, भरणे, बसवणे ही कामे घरात आजही होत आहेतच. तेव्हा रेग्युलेटरची गोष्ट माशी बदलण्यासाठी नव्हे, तर पिस्तूल घरात ठेवण्यासाठीच कळायला हवी होती. ती आज कळली, बरे झाले. आणखी एक: सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहून घ्या. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात, आणि वापरलेल्या पिस्तुलाबरोबर आलेला सिलिंडर किती जुना आहे हे कोणी विचारत नाही. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेतही चालत नाही.

सातपूर टूलरूम

मी नेमबाज नाही, पण सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाच्या कामात बावीस वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न मुळात मोजमापाचा आहे असे मला दिसते. जुन्या मालकांना जी माशी बरोबर वाटत होती ती मुलीला अरुंद का वाटावी, हे मी कागदावर मांडून पाहिले.

मागची खाच ४.२ मिमी रुंद आहे आणि दोन्ही साइटमधील अंतर ३४० मिमी आहे असे धरू. उंच माणसाने हात ताणला की मागची खाच डोळ्यापासून साधारण ६० सेंमीवर आणि माशी ९४ सेंमीवर येते. लहान चणीच्या मुलीची खाच ४५ सेंमीवर आणि माशी ७९ सेंमीवर येईल. वस्तू जवळ आली की मोठी दिसते, पण दोन्ही साइट सारख्याच प्रमाणात मोठ्या होत नाहीत. खाच मुळातच जवळ असल्यामुळे ती जास्त मोठी दिसू लागते आणि माशी त्या मानाने कमी. हिशेब केला तर ४ मिमीच्या माशीच्या प्रत्येक बाजूला त्या गृहस्थांना माशीच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून किंचित कमी उजेड दिसत होता, आणि मुलीला तोच उजेड दोन पंचमांशाहून अधिक दिसतो आहे. माशी ४.५ मिमी केली की मुलीचा उजेड पुन्हा जवळजवळ त्याच एक तृतीयांशावर येतो. प्रशिक्षकांनी हा हिशेब केला असेल किंवा नसेल, पण त्यांच्या नजरेने दिलेला आकडा बरोबर आहे.

यापुढे आणखी एक गोष्ट जुळते. १० मीटरच्या लक्ष्यावरील काळा गोल ५९.५ मिमी व्यासाचा असतो. ७९ सेंमीवरची ४.५ मिमीची माशी आणि १० मीटरवरचा तो गोल हे डोळ्याला जवळजवळ सारख्याच रुंदीचे दिसतील. ४ मिमीची माशी गोलाच्या साधारण ८५ टक्के दिसत होती. सारख्या रुंदीच्या दोन गोष्टी एकाखाली एक मांडणे सोपे जाते, असे माझा ड्रॉइंग बोर्डाचा अनुभव सांगतो.

माझी विनंती एवढीच की मागवलेली पट्टी बसवण्यापूर्वी व्हर्निअरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) तिची फक्त रुंदी नव्हे, उंचीही मोजावी.

नेत्रवैद्य, कॉलेज रोड

सातपूरकरांच्या हिशेबात डोळ्याची एक बाजू जोडतो. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि पिस्तूल नेमबाजीत ते अंतर माशीचे असावे लागते. काळा गोल धूसर दिसणे हे योग्यच आहे. मूल गोलाकडे पाहू लागले की माशी धूसर होते, आणि धूसर माशीच्या कडेचा उजेड मोजता येत नाही. "पोहते" ही तक्रार याही कारणाने येऊ शकते, म्हणून नवी माशी बसवण्याआधी तिला एकदा विचारावे की तिला कोणती गोष्ट ठसठशीत दिसते.

तेरा-चौदा वर्षांच्या डोळ्याला जवळचे पाहण्याचा ताण जाणवत नाही. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना मात्र माशीच धूसर दिसेल, आणि त्यावर माशी जाड करणे हा उपाय नाही. त्यांच्यासाठी दूरच्या नंबरात साधारण अर्धा डायॉप्टर अधिक करून शूटिंगची काच बनवून घेणे हा सोपा मार्ग आहे. काच चेहऱ्यावर घालता येते. पिस्तुलावर बसवलेली काच किंवा दुर्बीण या खेळात चालत नाही.

डॅलस ते देवळाली

माझे बालपण देवळाली कॅम्पात तोफखाना शाळेच्या सरावाचे आवाज ऐकत गेले, आणि गेली अठरा वर्षे मी टेक्सासमध्ये आहे. इथे बारुदी पिस्तुलाची साइट घरी बदलणे कायदेशीर आहे आणि बरेच जण ते करतात, म्हणून त्या कामाचे स्वरूप सांगतो. भारतात कोणी ते करावे असा माझा हेतू नाही; वकील महाशयांनी सांगितलेले कलम मी वाचले आहे. हे काम एअर पिस्तुलाच्या मानाने किती अवघड आहे तेवढे कळावे, इतकेच.

एअर पिस्तुलाची माशी बहुधा एका स्क्रूवर बसते. बारुदी पिस्तुलाच्या स्लाइडवर (वरच्या सरकणाऱ्या भागावर) मागची साइट सहसा पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या आडव्या खाचेत घट्ट ठोकून बसवलेली असते. ती काढण्यापूर्वी मॅगझिन काढणे, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहणे आणि बोटाने चाचपणे, गोळ्या दुसऱ्या खोलीत नेणे, आणि मग स्लाइड फ्रेमपासून वेगळी करणे हा क्रम मोडत नाहीत. स्लाइड वाइसमध्ये आवळताना जबड्यांना पितळेचे किंवा लाकडाचे अस्तर लावतात. अनेक पिस्तुलांत साइट डावीकडून उजवीकडे ठोकून काढतात आणि उजवीकडून डावीकडे बसवतात, पण सर्वच उत्पादक हा नियम पाळत नाहीत, म्हणून पुस्तिका पाहिल्याशिवाय पहिला घाव घालत नाहीत. पितळी पंच आणि हातोडी यांपेक्षा स्क्रूने हळूहळू ढकलणारे साधन चांगले, विशेषतः अंधारात चमकणाऱ्या साइटसाठी. तिच्यात ट्रिटियम वायूच्या काचेच्या बारीक कुप्या असतात आणि त्या हातोडीच्या दणक्याने फुटू शकतात. त्या वायूचे अर्धआयुष्य बारा वर्षांहून थोडे अधिक असते, त्यामुळे जुन्या साइट मंद होतात, आणि बदलण्याचे मुख्य कारण बहुधा तेच असते.

ग्लॉक पिस्तुलाची माशी खालून एका बारीक षटकोनी स्क्रूने धरलेली असते आणि तिथे धागे जाम करणारे द्रव लावतात. ते निळे, म्हणजे पुन्हा सोडवता येणारे असावे. लाल द्रव लावले तर ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

ज्या एका कारणासाठी मी हे सगळे लिहीत आहे ते पुढचे. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मालिकेत मागच्या साइटच्या बरोबर खाली एक स्प्रिंग आणि टोपी असते, आणि ती स्प्रिंग पिस्तुलाच्या आतल्या सुरक्षा-खिळीला दाबून ठेवते. साइट सरकली की स्प्रिंग उडते. ती हरवली किंवा उलटी बसली तर वरून साइट अगदी सुबक दिसते आणि आतली सुरक्षा मात्र काम करत नाही. माझ्या एका मित्राची स्प्रिंग गॅरेजभर शोधून दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या वाळवणीच्या यंत्रामागे सापडली. तोवर त्याने पिस्तूल जोडले नाही, हे त्याचे शहाणपण.

वकिली चष्मा

डॅलसकरांच्या प्रतिसादातील "आतली सुरक्षा काम करत नाही" हे वाक्य वाचले की कायद्याने दुरुस्तीसाठी वेगळा परवाना का ठेवला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

इंदिरानगरचा पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी सकाळी काम केले, आता वृत्तांत देतो. त्यात फजितीही आहे.

नेत्रवैद्यांच्या सूचनेनुसार मुलीला विचारले. ती म्हणाली की तिला माशी स्पष्ट दिसते आणि गोल "ढगासारखा" दिसतो, म्हणजे त्या बाजूने प्रश्न नव्हता. पहिली फजिती अशी की मागवलेली पट्टी उघडून पाहिली तर ती त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची निघाली. पाकिटावर नाव बरोबर, आत वस्तू वेगळी. ती परत करून योग्य पट्टी येईपर्यंत दहा दिवस गेले. दुसरी पट्टी शेजारच्या इंजिनिअर काकांच्या व्हर्निअरने मोजली: रुंदी ४.५ मिमी बरोबर, पण उंची जुन्या पट्टीपेक्षा ०.३ मिमी जास्त.

जुना नेमबाज यांनी सांगितल्याप्रमाणे सिलिंडर काढल्यावर चाप दाबला आणि खरोखरच फुस्स असा आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा हलका आला, तिसऱ्यांदा आला नाही. मग दोरी घातली. टेबलावर पांढरा टॉवेल पसरला होता, तरी माशीचा स्क्रू सुटताच घरंगळत गेला तो टॉवेलच्या घडीत सापडला. नुसत्या टेबलावर असता तर आजही शोधत बसलो असतो. तिसरी चूक अशी की जुना स्क्रू काढताना मी जरा मोठे टोक वापरले आणि त्याची खोबण थोडी झिजवली. नव्या पट्टीबरोबर नवा स्क्रू आला होता म्हणून निभावले.

आता प्रश्न असा की उंची ०.३ मिमीने वाढली आहे तर छर्रे कुठे जातील? घरात गोळी मारून पाहण्याचा प्रश्नच नाही. बुधवारी रेंजवर जाणार आहोत.

सातपूर टूलरूम

सोपे आहे. साइटची हालचाल भागिले साइटमधील अंतर, गुणिले लक्ष्याचे अंतर. ०.३ भागिले ३४०, गुणिले १०,०००, म्हणजे सुमारे ८.८ मिमी. माशी उंच झाली की तिचे टोक खाचेच्या पातळीला आणण्यासाठी नळीचे तोंड खाली जाते, म्हणून छर्रे तेवढे खाली पडतील. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर एका गुणाची पट्टी ८ मिमीची असते, त्यामुळे मुलीचा दहाचा घोळका साधारण नऊमध्ये खाली दिसेल. घाबरून तिच्या हाताला दोष देऊ नये.

जुना नेमबाज

उपाय मागच्या साइटवर आहे आणि तिथला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: घोळका जिकडे न्यायचा तिकडे मागची साइट न्यायची. छर्रे खाली पडत असतील तर मागची साइट वर. पुढच्या माशीचे मात्र उलटे असते, आणि यातच नवखे माणूस चुकते.

पहिल्या छर्ऱ्यावर मागच्या साइटचा स्क्रू फिरवू नका; तो एकेका क्लिकने, म्हणजे ठरावीक टप्प्याने, फिरतो. किमान दहा छर्रे मारू द्या, घोळक्याचा मध्य काढा आणि मगच हात लावा. एका छर्ऱ्यामागे एक क्लिक फिरवणारा माणूस संध्याकाळपर्यंत साइटबरोबर लपंडाव खेळत बसतो. शिवाय नवी माशी दिसायला वेगळी असल्याने सुरुवातीचे वीस-पंचवीस छर्रे डोळा ती शिकण्यात घालवतो. ते हिशेबात धरूच नका.

स्पर्धा किती दिवसांवर आहे हेही पाहा. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांचे पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडले होते. त्यांची बरीच मिनिटे दुरुस्तीत गेली, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्यांचा बिघाड साइटचा नव्हता आणि त्यांच्या चुकीनेही झालेला नव्हता. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक जिंकले. पण ऐन वेळी यंत्राने दगा दिला तर मोठ्या खेळाडूलाही काय किंमत मोजावी लागते हे तेव्हा दिसले. म्हणून स्पर्धेच्या आधी तीन आठवडे पिस्तुलाला नवा भाग लावू नये, असा माझा शिरस्ता आहे.

शंकासुर

रेंजवर उजेड कसा आहे? घरी खिडकीच्या उजेडात खाच वेगळी दिसते आणि रेंजवर वेगळी, असे माझा भाचा सांगतो. तो क्रीडा प्रबोधिनीत रायफल नेमबाजी करायचा.

जुना नेमबाज

भाचा बरोबर सांगतो. नियमाप्रमाणे लक्ष्यावर किमान १५०० लक्स आणि रेंजमध्ये सर्वसाधारण किमान ३०० लक्स उजेड असावा लागतो. म्हणजे नेमबाज तुलनेने अंधारात उभा असतो आणि लक्ष्य लख्ख असते, त्यामुळे माशी काळीकुट्ट आणि तिच्या कडा धारदार दिसतात. घरी डावीकडे खिडकी असेल तर माशीच्या डाव्या कडेवर चमक येते, कड नेमकी कुठे संपते ते कळत नाही आणि हात नकळत एका बाजूला सरकतो. माशीचा काळा रंग घासून चकचकीत झाला असेल तर हा त्रास रेंजवरही होतो. पूर्वी आम्ही मेणबत्तीच्या काजळीवर माशी धरायचो, आता बाजारात काळा मॅट स्प्रे मिळतो. शंकासुर यांनी या धाग्यात विचारलेला हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे.

इंदिरानगरचा पालक

रेंजवर जाऊन आलो. सुरुवातीचे पंचवीस छर्रे सोडून दिले आणि पुढच्या दहांचा मध्य काढला, तर तो दहाच्या केंद्रापासून ९ मिमी खाली आणि ३ मिमी डावीकडे होता. सातपूरकरांचा ८.८ चा आकडा मी वहीत आधीच लिहून नेला होता. तो पाहून प्रशिक्षक हसले आणि "हे गणित कोणी केले?" असे विचारले.

क्लिकांचे माप पुस्तिकेत सापडले नाही, म्हणून दहा क्लिक वर फिरवून मोजले. घोळका सुमारे २० मिमी वर गेला, म्हणजे एका क्लिकला २ मिमी. मग परत सहा क्लिक खाली आणले. तरीही घोळका अपेक्षेपेक्षा ३ मिमी वरच राहिला. इथे माझे डोके चालेना. आणखी दोन क्लिक खाली घेऊन दोन वर घेतले तेव्हा कुठे जुळले. डावीकडचे ३ मिमी आम्ही तसेच ठेवले आहेत, कारण प्रशिक्षकांच्या मते ते बोटाच्या दाबाचे आहे, साइटचे नाही.

आडवा पसारा मात्र पहिल्याच दिवशी कमी झालेला दिसला. मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, आता ती हलत नाही."

सातपूर टूलरूम

वर नेऊन खाली आणल्यावर जे ३ मिमी राहिले त्याला आमच्याकडे बॅकलॅश म्हणतात. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडी ढिलाई असते. दिशा उलटी केली की पहिली काही फिरकी ती ढिलाई भरण्यातच जाते आणि क्लिकचा आवाज येऊनही साइट हलत नाही. लेथवरचा शिकाऊ मुलगा पहिल्या महिन्यात हेच शिकतो. उपाय तुम्ही नकळत केलाच आहे: हव्या त्या खुणेच्या थोडे पुढे जायचे आणि नेहमी एकाच दिशेने परत येऊन थांबायचे. कोणती दिशा ठरवली ते वहीत लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. वापरलेल्या पिस्तुलात ही ढिलाई थोडी जास्त असणे स्वाभाविक आहे. ती वाढत गेली तर स्क्रू नव्हे, त्याखालची स्प्रिंग थकलेली असते.

जुना नेमबाज

डावीकडचे ३ मिमी तसेच ठेवल्याबद्दल तुमच्या प्रशिक्षकांचे अभिनंदन. तेरा वर्षांच्या हाताची चूक साइटने भरून काढली तर हात कधीच सुधारत नाही.

जुनी ४ मिमीची पट्टी टाकू नका, तिच्या पाकिटावर रुंदी आणि उंची दोन्ही लिहून ठेवा. मुलीची उंची वाढेल, हात लांब होईल आणि सातपूरकरांचे गणित उलट्या दिशेने चालू लागेल.

इंदिरानगरचा पालक

पाकीट केले, त्यावर मापे लिहिली. झिजलेला स्क्रूही त्यातच ठेवला आहे, पण त्यावर लाल शाईने "वापरू नये" असे लिहिले आहे.